सक्युलंटची पानं पिवळी पडून गळताहेत. पाणी वाढवू का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: मार्चमध्ये कोल्हापुरातल्याच नर्सरीतून सक्युलंटच्या, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, तीन कुंड्या आणल्या. एक गुलाबाच्या फुलासारखी राखाडी-हिरवी, एक तांबूस काडीवर बारीक पानांची, एक हिरव्या खांबावर लाल गोळा बसवलेली. नावं माहीत नाहीत. आठवड्यातून दोनदा पाणी घालता आणि आता जुलैत पहिलीची पानं पिवळी होऊन हात लावला की पडताहेत.

पाणी वाढवू नका, आजपासून बंदच करा. आणि हे पुढचं वाचण्याआधी कुंडीखालच्या बशीतलं पाणी ओतून या.

पहिली एचेवेरिया, मूळची मेक्सिकोकडची. दुसरी तुम्हाला 'जेड' म्हणून दिली असणार. पान नखाएवढं आणि काडी तांबूस असेल तर ती पोर्टुलॅकेरिया. खरं जेड म्हणजे क्रॅसुला, त्याचं पान बरंच मोठं आणि जाड, खोडही गुबगुबीत. दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडची, आपल्याकडे दोन्ही जेड म्हणूनच खपतात. पोर्टुलॅकेरिया चिवट असते, तिची फार काळजी करू नका. तिसरा मून कॅक्टस, आणि तो मुळात एक झाड नव्हे, दोन आहेत. लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, म्हणून ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतल्या निवडुंगावर त्याचं कलम करतात. दोघांची वाढ जुळत नाही, त्यामुळे सगळं नीट करूनही काही वर्षांत तो जातो. गेला तर स्वतःला बोल लावून घेऊ नका.

आता एचेवेरियाचं एक पान दोन बोटांत धरून बघा. जास्त पिकलेल्या द्राक्षासारखं बिलबिलीत, आरपार दिसणारं असेल तर पाणी जास्त झालंय. पातळ, सुरकुतलेलं, चामड्यासारखं वाकणारं असेल तर तहान. पण पान सुरकुतलेलं आणि माती मात्र ओली, असं असेल तर मुळं कुजलीत, पाणी वर चढतच नाही. इथेच बहुतेक लोक फसतात आणि आणखी एक तांब्या ओततात. अगदी बुडातली एक-दोन पानं कागदासारखी वाळली असतील तर ते वय, तिकडे लक्ष देऊ नका.

तुमच्या वर्णनावरून मला कूज वाटते. झाड कुंडीतून काढा. मुळांभोवती नर्सरीतल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) घट्ट गोळा असेल, बाहेरून कोरडा, आत पिळला तर पाणी निघेल असा. तो सगळा सोडवून टाका. काळी, मऊ मुळं कापा. खोडही काळं असेल तर ब्लेड स्पिरिटने पुसून खोड खालून चकत्यांसारखं कापत वर जा. कापलेल्या जागी मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर अजून वर. मी पहिल्यांदा कडं बघूनही 'एवढं चालतंय' म्हणून थांबलो होतो, आठ दिवसांत उरलेलंही गेलं. स्वच्छ फिकट हिरवं दिसेपर्यंत थांबायचं नाही, मग हातात शेंडा अंगठ्याएवढा उरला तरी चालेल.

शेंडा लगेच मातीत खोचू नका. जखम सुकू द्या. पुस्तकी हिशोब तीन-चार दिवसांचा असतो, पण आषाढात आपल्याकडे दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे खोड कुठून वाळणार? पंख्याखाली वर्तमानपत्रावर आठवडा-दहा दिवस ठेवा. गळालेल्या पानांपैकी जी टणक आहेत आणि बुडापासून अखंड निघालीत, तीही शेजारीच ठेवा. त्यांतल्या काहींना गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटतात.

पाण्याबद्दल माझं मत 2019 च्या पुराने बदललं. आम्ही तेव्हा शाहूपुरीत वरच्या मजल्यावर भाड्याने होतो. खाली पाणी भरलं, घर बंद करून पाहुण्यांकडे गेलो ते दहा-बारा दिवसांनी परतलो. गॅलरीच्या कठड्यावर पावसात राहिलेल्या सगळ्या एचेवेरिया लगदा झालेल्या. आत कपाटावर विसरलेली हॉवर्थिया, तीही एक सक्युलंटच, जिला त्याआधीही महिनाभर कुणी विचारलं नव्हतं, ती ताठ. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फारच हळू खर्च होतं. त्यात हवाच ओली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी महिन्यातून एकदा, तेही पानं सैल लागली तरच पाणी घालतो.

मातीसाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि चाळून धुतलेली जाड वाळू मिळून निम्म्याहून जास्त, बाकी बागेची माती आणि थोडं जुनं शेणखत. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून बसते. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, झाडापेक्षा बोटभरच मोठी. लावल्यावर पहिला आठवडा कोरडंच.

सांध्यात पांढरा कापूस दिसला तर ती बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण. कानकोरणीच्या कापसाला स्पिरिट लावून एकेक टिपा. मुंग्या ये-जा करत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या ह्या किडीची राखण करतात.

उजेड भरपूर हवा, नाहीतर झाड मान काढून लांबुळकं होतं आणि लांबलेलं पुन्हा आखूड होत नाही. पण पावसाळा संपला म्हणून एकदम ऑक्टोबरच्या उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. रोज तासभर कोवळं ऊन, मग वाढवत न्या.

आणि तुमच्या फोटोत कुंड्यांमागच्या भिंतीला ओल आलेली दिसतेय. तिथून तिन्ही आजच हलवा.