सूत्र जुळलं म्हणजे खनिज सापडलं असं नाही

तुमचा प्रश्न असा आहे: सेलेनाइडांच्या, म्हणजे धातू आणि सेलेनियम यांच्या संयुगांच्या, यादीत काही नोंदींना नावच नाही, नुसता 'यूएम'पासून सुरू होणारा कोड. ही खरी खनिजं आहेत का? आणि मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांचा किरण टाकून कणात कोणती मूलद्रव्यं किती ते मोजणारं यंत्र) तसंच सूत्र आलं तर नमुन्याच्या चिठ्ठीवर तो कोड लिहावा का?

कोडचं आधी उरकतो. यूएम म्हणजे अनामिक खनिज. पुढे माहिती छापून आल्याचं वर्ष, अनुक्रमांक, मग सेलेनियमची खूण आणि सोबतचे धातू. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या उपसमितीने २००७ मध्ये ही पद्धत मांडली. कोड म्हणजे मान्यता नव्हे. कुणाला तरी काहीतरी दिसलं आणि ते ओळखीच्या खनिजात बसेना, एवढीच ती नोंद.

घोडं अडतं ते कणाच्या आकारापाशी. सेलेनाइडं एकमेकांत इतकी बारीक गुंतलेली असतात की पॉलिश केलेल्या छेदात जांभळट उमांगाइटच्या (तांब्याचं एक सेलेनाइड) कडेला काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निळसर-पांढरी किनार दिसते, बस. मायक्रोप्रोबचा किरण कितीही बारीक केला तरी आतून संदेश येतो तो मायक्रॉन-दोन मायक्रॉन पसरलेल्या भागातून. आता हिशेब करून बघा. बेरझेलियनाइटमध्ये तांबं २, सेलेनियम १. क्लॉकमनाइटमध्ये १ आणि १. किरण दोघांच्या सीमेवर पडला आणि दोन्ही सारख्या प्रमाणात मोजली गेली, तर येतं ३ आणि २, म्हणजे हुबेहूब उमांगाइट! तिथे उमांगाइटचा कणही नसताना. एकूण टक्केवारीही छान शंभराच्या आसपास येते, त्यामुळे शंकाही येत नाही. असंच 'नवं' खनिजही तयार होऊ शकतं.

बरं, मिश्रण नसलं तरी सूत्र पुरत नाही. क्रुटाइट आणि पेट्रिचेकाइट, दोन्हींत तांबं १ आणि सेलेनियम २. पहिल्याची रचना पायराइटसारखी, दुसऱ्याची मार्कासाइटसारखी, म्हणून खनिजं दोन. दुसरं चेकियातल्या प्रेडबोर्झित्से इथलं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. स्फटिकरचनेचा पुरावा नसेल तर नव्या खनिजाच्या मान्यतेसाठीचा अर्ज सहसा टिकत नाही, आणि दहा मायक्रॉनच्या कणाची रचना काढणं म्हणजे तो आधी छेदातून सुटा काढणं आलं. तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो (आणि कधीकधी कणही).

शिवाय गंधक आणि सेलेनियम सहज एकमेकांच्या जागी बसतात. गॅलेना (शिसं आणि गंधक) ते क्लॉस्थलाइट (शिसं आणि सेलेनियम) ही सलग मालिका आहे, मधल्या प्रत्येक थांब्याला नवं नाव मिळत नाही. गंधक आणि सेलेनियम यांत अर्ध्याहून जास्त काय, ते बघायचं.

नाव मिळालं तरी कायमचं, असंही नाही. जर्मनीच्या हार्झ पर्वतातल्या ट्रोगटाल इथून १९५५ मध्ये ट्रोगटालाइटसोबत हास्टाइट जाहीर झालं, कोबाल्टचं सेलेनाइड म्हणून. २००९ मध्ये मूळ ठिकाणचे नमुने पुन्हा तपासले, तर ते निघालं फेरोसेलाइट, म्हणजे लोहाचं. हास्टाइट बाद.

तेव्हा चिठ्ठीवर कोड लिहू नका. उदाहरणार्थ 'तांबं-पॅलॅडियम सेलेनाइड, अनिश्चित' असं लिहा, सोबत किती बिंदू मोजले, कणाचा आकार किती आणि शेजारी कोणती खनिजं आहेत तेही. आणि तो छेद पुन्हा घासू नका. उद्या ते खरंच नवं खनिज ठरलं, तर प्रकार-नमुना (ज्यावरून खनिजाचं वर्णन झालं तो मूळ नमुना) म्हणून संग्रहालयात ठेवायला कण शिल्लक तर हवा.