सतलज पर्पल एकटं लावू नकोस

भावा, फोटोतलं जांभळं फळ बघून लगेच रोपं मागवू नकोस. सतलज पर्पल ही आलुबुखाऱ्याची (प्लमची) जात, फळ मोठं, जाड सालीचं. पण स्वतःच्या परागावर धरत नाही, शेजारी काला अमृतसरी ही दुसरी जात पाहिजेच. ती एकटीही धरते. फळ मध्यम, गर पिवळा, आंबटसर, जॅमला झकास. दोन्ही पंजाबातल्या, कमी थंडीवर चालणाऱ्या. तरी कोल्हापूरची थंडी पुरेलच असं धरू नकोस; पन्हाळ्याच्या बाजूला एकेकच लावून बघ. पांढरी फुलं पानांआधी येतात. दोन्ही झाडांवर पहिलं फूल कधी उमललं, ती तारीख वहीत लिही. तारखा जुळल्या नाहीत तर मधमाशी तरी काय करणार? आणि छाटताना जुन्या फांदीवरचे आखूड, गाठाळ खुंट ठेव, फळ जास्त करून त्यांवरच लागतं. मी पहिल्या वर्षी साफसफाई म्हणून नेमके तेच उडवले होते.