‘शूटआऊट अ‍ॅट वडाळा’ खऱ्या घटनेवर आहे का? त्यात कोणी कामे केली आहेत?

होय, संजय गुप्ता दिग्दर्शित २०१३ चा हा हिंदी चित्रपट खऱ्या चकमकीवर आधारलेला आहे. मुंबईतील गुंड मनोहर ऊर्फ मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मन्या जॉन अब्राहमने, पोलीस अधिकारी अफाक बागरान अनिल कपूर यांनी, तर गुन्हेगारी टोळीतले हसकर बंधू मनोज बाजपेयी आणि सोनू सूद यांनी साकारले आहेत. कथेला हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकाचा आधार आहे. मात्र आपल्या बेळगाव-निपाणीकडे कट्ट्यावर तो जसाच्या तसा इतिहास म्हणून सांगितला जातो, ते बरोबर नव्हे. बागरान हे नावच मुळात खरे पोलीस अधिकारी इसाक बागवान यांच्यावरून बेतलेले असून संवाद तर निव्वळ पडद्यासाठी लिहिलेले आहेत.