अणुकेंद्राचं काही पिकोसेकंदांचं आयुष्य कुठल्या घड्याळाने मोजतात?

तुम्ही विचारलंय की लांबट अणुकेंद्राची उत्तेजित (जादा ऊर्जेची) अवस्था पाच-दहा पिकोसेकंदच टिकते (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), तर एवढा वेळ मोजणारं घड्याळ कुठलं आणि तो आकडा घेऊन करायचं काय.

घड्याळ नसतंच. अंतर मोजतात.

तुम्ही बेळगावचेच आहात, तर सोपं पडेल. खानापूरकडून येणारी गाडी तिसरं, दुसरं, पहिलं गेट ओलांडून स्टेशनात थांबते. तुम्ही फलाटाच्या पुढच्या टोकाला डोळे मिटून उभे आहात. धावत्या इंजिनाची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते, उभ्या इंजिनाची मूळ सुरात. म्हणजे शिट्टी गाडी थांबण्याआधी वाजली की नंतर, हे न बघता कळतं.

प्लंजर नावाचं उपकरण हेच करतं. उत्तेजित केंद्र खाली येताना गॅमा किरण सोडतं, तीच त्याची शिट्टी. पातळ टार्गेट-फॉइलवर आयनांचा झोत आदळतो. तयार झालेलं केंद्र प्रकाशाच्या साधारण 2 टक्के वेगाने, म्हणजे पिकोसेकंदाला 6 मायक्रॉन (मिलीमीटरचे हजारावे भाग), पुढे सुटतं. समोर सोन्याची दुसरी फॉइल, ती त्याला थांबवते. 400 केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा वाटेत सुटला तर पुढच्या डिटेक्टरला तो 407 च्या आसपास दिसतो, थांबल्यावर सुटला तर 400 लाच. आयुर्मान, म्हणजे अवस्था टिकण्याचा सरासरी वेळ, 10 पिकोसेकंद असेल आणि फॉइलमधलं अंतर 60 मायक्रॉन, तर साधारण 37 टक्के गॅमा 400 ला सापडतात. अंतर बदलत जायचं आणि दोन शिखरांचं प्रमाण मांडत जायचं.

ऐकायला सोपं. खरी कसरत फॉइलची. उद्यमबागेत लेथवर काम केलेल्या माणसाला पटेल, दहा-वीस मायक्रॉनवर दोन पत्रे समांतर ठेवणं म्हणजे काय ते. फॉइल ढोलकीच्या पानासारखी ताणून बसवतात. दोन्ही मिळून कपॅसिटर होतो, त्याच्या धारितेवरून अंतर सतत तपासायचं. एकदा झोताच्या उष्णतेने आमची फॉइल उन्हातल्या पापडासारखी वाकली. पहाटे चारला लक्षात आलं, तोवर रात्रभराची मोजणी कचऱ्यात.

दुसरी गोम अशी की वरच्या अवस्था आपापल्या वेळाने खाली झिरपतात, त्यांचा उशीर आपल्या खात्यात जमा होतो. म्हणून वरून येणाऱ्या गॅमासोबतच आलेल्या घटना निवडायच्या. हे टाळलं तर आयुर्मान फुगतं.

पिकोसेकंदाच्या आत प्लंजर चालत नाही. तिथे केंद्र जाड पदार्थात हळू होताना गॅमाचं शिखर कसं पसरतं ते पाहतात. मला ती पद्धत फार आवडत नाही, कारण पदार्थ केंद्राला किती आवरतो त्या आकड्यावरच उत्तर टेकलेलं असतं. उलट सॅमेरियम-152 ची 122 केईव्हीची पहिली अवस्था 1.4 नॅनोसेकंद (1400 पिकोसेकंद) अर्धायुष्याची, तिला चपळ डिटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक्स पुरतात.

आता उपयोग. केंद्र फिरतंय हे नुसत्या ऊर्जांवरून कळतं: दुसऱ्या आणि पहिल्या अवस्थेच्या ऊर्जांचं गुणोत्तर 3.33 च्या जवळ येतं. पण ते किती लांबट आहे, हे आयुर्मान सांगतं. जास्त लांबट केंद्र गॅमा लवकर सोडतं. मात्र गॅमाची ऊर्जा दुप्पट झाली तर नुसत्या त्यामुळेच आयुर्मान 32 पटींनी घटतं, तेव्हा आधी तो हिशेब चुकता करायचा. तो न करता दोन आयुर्मानं शेजारी ठेवून ‘हे जास्त लांबट’ म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.