चोथा फेकू नका: मेणाचे काही प्रश्न

मागच्या खेपेला सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्यांवर लिहिलं, तेव्हा वाटलं होतं मधाबद्दल विचारतील. आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक मेणाचीच निघाली. त्यातली काही घेते.

आमच्या सोसायटीच्या गच्चीखालचं आग्या मोहोळ काढलं. हातभर लांब पोळं पोत्यात भरून ठेवलंय. त्याच्या मेणबत्त्या होतील का? (पुणे)

आधी एवढंच विचारून घ्या, की मोहोळ काढताना औषध फवारलं होतं का? फवारलं असेल तर त्या पोत्याचा मोह सोडा. मेण कीटकनाशक शोषून घेतं आणि कितीही उकळलं तरी ते सगळं जात नाही. असं मेण घरात जाळायचं नाही. नुसत्या धुराने माशा उठवल्या असतील तर खुशाल वापरा, पण आजच. पोत्यातल्या पोळ्याला मेणकिडा लागला, की काही दिवसांत आत नुसती जाळी आणि विष्ठा उरते. वितळवून केलेल्या स्वच्छ वडीच्या वाटेला तो सहसा जात नाही.

आणि हातभर पोळं बघून किलोभर मेणाचा हिशेब मांडू नका. ज्या भागात अळ्या वाढल्या, तो काळा भाग त्यांच्या कोशांनी भरलेला असतो. त्यातून हाती थोडंच लागतं. मेणासाठी म्हणून कुणाला मोहोळ काढायला लावू नका, हे न विचारता सांगते.

मग विकत कुठे मिळेल? आणि एवढं महाग का? (नाशिक)

मधपाळांकडे. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे जवळपासच्या मधपाळांची चौकशी करा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं, तिकडे फिरायला गेलात तरी विचारून पाहा. मागताना ‘टोपणांचं मेण’ म्हणा. मध पिकला की माशा घरांवर मेणाचं पातळ झाकण लावतात. मध काढायच्या आधी ते सुरीने कापतात. सगळ्यात उजळ, सुवासिक मेण ते.

महाग असणारच. मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं, आणि किलोभर मेणामागे माशा सहा-आठ किलो मध खातात असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे मधपाळ मध काढून झाला की चौकट तशीच पेटीत परत ठेवतो. रिकामं पोळं माशांना आयतं मिळतं.

ऑनलाइन पिवळे दाणे मागवले. शुद्ध आहेत हे कसं ओळखायचं? (ठाणे)

वासावर जाऊ नका, वास घालता येतो. खात्रीचा एक तुकडा मधपाळाकडून आणा. काचेच्या पेल्यात सर्जिकल स्पिरिट घ्या, त्यात हा तुकडा बुडेल. आता थोडं थोडं पाणी घालत ढवळा. एका क्षणी तुकडा ना तळाशी ना वर, मध्येच तरंगत राहील. त्यात तुमचा दाणा टाका. तो झटकन वर आला तर पॅराफिन मिसळलंय, कारण पॅराफिन मेणापेक्षा हलकं. दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने पुसून मगच टाका. प्रत्येक भेसळ यात सापडत नाही, पण नेहमीची सापडते. आणि हे गॅसपासून लांब करा, स्पिरिट पेट घेतं.

पोळं लोखंडी कढईत उकळलं. मेणाऐवजी राखाडी, स्पंजासारखा लगदा झाला. वाया गेलं का? (चिपळूण)

नाही गेलं. तुमच्या तीन चुका झाल्या आणि तिन्ही मी पूर्वी करून चुकलेय. लोखंडाने मेण काळपट पडतं (तांब्या-पितळेत हिरवट), तेव्हा स्टीलचं पातेलं घ्या. बोअरचं जड पाणी आणि खळखळून उकळणं यांनी मेण आणि पाणी एकजीव होतं, तोच तुमचा लगदा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्याला उकळीची गरजच नाही.

लगदा जुन्या धोतराच्या फडक्यात सैल बांधा. पातेल्यात पावसाचं पाणी घ्या, लिटरला चमचाभर व्हिनेगर घाला, पुरचुंडी त्यात ठेवून वर दगड ठेवा. पाण्यातून वाफ निघेल पण बुडबुडे येणार नाहीत इतकीच आच हवी. मेण फडक्यातून झिरपून वर तरंगायला लागेल. मधूनमधून पळीने पुरचुंडी दाबा. तासाभराने गॅस बंद करा, पुरचुंडी पिळून बाजूला काढा, पातेल्यावर झाकण ठेवून ते गोधडीत गुंडाळा आणि झोपायला जा. सावकाश निवलं तरच गाळ खाली बसतो. सकाळी कडेपासून सुटलेली पिवळी थाळी अलगद उचलता येते. तिच्या पोटाला चिकटलेला तपकिरी थर सुरीने खरवडा. हवं तर पुन्हा एकदा हेच करा.

फडक्यात उरलेला चोथा आणि ही खरवड टाकू नका. शेवटच्या प्रश्नात लागणार आहे.

आमच्याकडे ऊन भरपूर. उन्हात मेण वितळेल? (अमरावती)

तुमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सुरेख वितळेल. आतून काळी रंगवलेली लाकडी पेटी, वर काच, आत तिरका पत्रा, त्यावर पोळं आणि खाली पाण्याचा डबा. गॅस नाही, करपायची भीती नाही, आणि उन्हाने मेण थोडं उजळतं. फार जुनं काळं पोळं मात्र यात नीट सुटत नाही, कोशच मेण पिऊन टाकतात.

समईची वात घालून मेणबत्ती केली. पाच मिनिटांत स्वतःच्याच मेणात बुडून विझते. (वसई)

तेलातुपाला ती वात चालते, कारण ते पातळ असतं आणि पिळाच्या कापसातून सहज वर चढतं. मेण दाट. त्याला सुताची घट्ट वेणी लागते. वेणीची वात जळताना वाकते, टोक ज्योतीबाहेर येऊन राख होतं आणि काजळी साचत नाही. जाड सुताचे तीन पदर विणा. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार विरघळवून त्यात वात रात्रभर भिजवा, कडकडीत वाळवा, मग वितळलेल्या मेणात बुडवून सरळ ताणून ठेवा.

पाच सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या साच्याला साधारण ९५ ग्रॅम मेण लागतं. ७० अंशांच्या आसपास ओता आणि पंख्याखाली ठेवू नका, तडा जातो. मेण कायम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवूनच वितळवा. मी एकदा थेट गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेले. ओट्यावरच्या छताचा काळा डाग दोन रंगांनंतरही दिसतो. पेट घेतलाच तर झाकण दाबा, गॅस बंद करा. पाणी अजिबात नाही, भडका उडतो.

मेणबत्तीवर महिन्याभराने पांढरी भुकटी येते, ती बुरशी नव्हे. मऊ फडक्याने पुसा.

पावसात बंब पेटवताना रोज रॉकेलची आठवण येते. मेणाचं पेटवण करता येतं का? (देवरुख)

येतं, आणि त्याला चांगलं मेण लावणं म्हणजे उधळपट्टी. इथे तो चोथा काढा. कोश, मेण आणि कचरा यांचा हा गोळा नुसताच काडी लावली तरी पेटतो. नीटनेटकं हवं असेल तर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या (प्लॅस्टिकचा नको), खणांत सुताराकडचा कोरडा भुसा किंवा नारळाच्या सोडणाचा काथ्या सैल भरा, चोथ्याचे तुकडे टाका आणि वर खरवडीचं वितळलेलं मेण ओता, खणाला दोन-तीन चमचे. भुसा दाबून भरलात तर मेण आत उतरत नाही आणि वडी वरच्या वर जळून विझते. निवल्यावर खण फाडून सुटे करा.

पेटवताना पुठ्ठ्याच्या फाटक्या कडेला काडी लावा, मेणाला नाही. वडी दहाएक मिनिटं जळते, तेवढ्यात दमट ढलप्याही धरतात. धूर थोडा जास्त येतो आणि करपलेल्या मधाचा वास सुटतो, म्हणून हे बंबाला आणि परसातल्या चुलीला; घरातल्या शेगडीला नको. पाण्यात पडलेली वडी पुसून वापरता येते.

ठेवायला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. उंदरांना या वड्या फार आवडतात.