आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर सोसायटीने '३० किमी'चा फलक लावला तर चालेल का?

सार्वजनिक रस्त्यावर असा फलक सोसायटीला परस्पर लावता येत नाही, आणि लावला तरी त्या आकड्याला कायद्याचं बळ नसेल. सार्वजनिक रस्त्याची वेगमर्यादा सोसायटी किंवा नगरसेवक ठरवू शकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे तो अधिकार राज्य सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि रस्त्यावर अधिकृत फलकही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० ही कमाल मर्यादा आहे. गल्लीबोळासाठी ती हास्यास्पदच, म्हणून स्थानिक पातळीवर ती खाली आणावी लागते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्या. त्यात एवढं असू द्या:

- रस्ता कुठून कुठपर्यंत
- शाळा, दवाखाना, वळण, झाडाआड गेलेला चौक
- झालेले अपघात, तारखेसह

रस्ता खोदला आहे वगैरे कारणाने मर्यादा महिनाभरापुरतीच हवी असेल, तर राजपत्राची गरज नाही. मात्र रुंद, सरळ रस्त्यावर नुसत्या फलकाने कोणी ब्रेक दाबत नाही. गतिरोधकाची मागणी महापालिकेच्या पथ विभागाकडे वेगळी करा.