पंचनाम्यातील ‘साधी माती’

खुनाच्या खटल्यांच्या निकालपत्रांत ‘घटनास्थळावरून रक्तमिश्रित माती व साधी माती जप्त केली’ असे वाक्य वारंवार आढळते. रक्त सांडलेली माती उचलणे समजते, पण साधी माती कशासाठी जप्त करायची आणि तिला ‘साधी’ का म्हणायचे, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

‘साधा’ या विशेषणाचा अर्थ मराठीत पुष्कळदा त्याच्या जोडीला कोण आहे यावर ठरतो. मसाला डोसा असतो म्हणून साधा डोसा असतो. कायद्याच्या भाषेतही सश्रम कारावासासमोर साधी कैद आणि गंभीर दुखापतीसमोर साधी दुखापत येते (ती ज्याला झाली त्याला साधी वाटेलच असे नाही). त्याच रीतीने पंचनाम्यातील साधी माती म्हणजे त्याच जागेची, परंतु रक्त न लागलेली माती. ‘क्षुल्लक’ किंवा ‘कुठलीही’ हा अर्थ तेथे अभिप्रेत नाही. ती जप्त करण्याचे कारण असे, की रक्ताच्या प्राथमिक चाचणीला वनस्पतींतील काही विकरेही (एन्झाइम) होकार देऊ शकतात; म्हणून मिळालेला होकार रक्ताचा आहे, मातीचा नव्हे, हे पडताळण्यासाठी रक्तविरहित नमुना हाताशी लागतो.

मात्र प्रश्न रक्ताचा नसून आरोपीच्या बुटाला लागलेली माती कुठली, असा असेल, तर हे नाव अपुरे पडते. जर्मनीतील रोकेनहाउझेनजवळ 1908 साली झालेल्या मार्गारेथे फिल्बर्ट यांच्या खुनाचे उदाहरण घ्यावे. संशयिताचे बूट त्याच्या पत्नीने खुनाच्या आदल्या रात्री स्वच्छ केले होते, त्यामुळे त्यांवरील माती खुनाच्या दिवसाचीच असणार होती. फ्रँकफर्टचे रसायनतज्ज्ञ गेओर्ग पॉप यांनी टाचेपुढे साचलेल्या मातीचे थर वेगळे केले. चामड्याला चिकटलेला थर सर्वांत जुना मानावा, हा त्यांचा तर्क होता. त्यात संशयिताच्या घराजवळ आढळणारी हंसाची विष्ठा होती. त्यावरच्या थरात मृतदेह सापडला तेथल्यासारखे तांबड्या वालुकाश्माचे कण होते. आणि सर्वांत वर विटांचा चुरा, कोळसा व सिमेंट होते, जे संशयिताची बंदूक व कपडे जेथे सापडले त्या पडक्या किल्ल्याच्या परिसराशी जुळत होते. आपण आपल्या शेतातच फिरत होतो, असे संशयित सांगत होता. परंतु त्या शेतातील दुधी रंगाच्या गारेचा (क्वार्ट्झ या खनिजाचा) मागमूस बुटावर नव्हता. येथे मृतदेहाजवळची, किल्ल्यातील आणि शेतातील असे तीनही नमुने ‘साधी माती’ या एकाच नावाखाली नोंदवले असते, तर सगळा तर्कच विस्कटला असता. म्हणून अशा ठिकाणी ‘तुलनेसाठी घेतलेली माती’ असे म्हणून पुढे जागा, ती किती खोलवरून घेतली ते आणि दिशा स्पष्ट लिहावी, असे माझे मत आहे.

दख्खनच्या पठारावर ही काळजी अधिकच हवी. बेसॉल्टपासून बनलेली काळी माती कित्येक जिल्ह्यांत पसरलेली आहे, त्यामुळे ‘चपलेला काळी माती आढळली’ एवढ्याने फारसे काही सिद्ध होत नाही. तिच्यात वीटभट्टीची राख, चुना, रंगाचे कपचे किंवा विशिष्ट परागकण मिसळलेले असतील, तरच ती बोलकी होते. कोकणातील जांभ्याची तांबडी माती मात्र पठारावरच्या शेतात सापडली, तर ती बाहेरून आली असण्याची शक्यता लगेच विचारात घ्यावी लागते.

याच ओघात ‘माती जुळली’ या बातम्यांतील शब्दप्रयोगाविषयीही सांगायला हवे. रंग, कणांचे आकारमान आणि खनिजे तपासून तज्ज्ञ ‘नमुन्यांत तपासलेल्या गुणधर्मांचा फरक आढळला नाही’ एवढेच म्हणू शकतो, तर ‘ही माती तेथली नाही’ हे पुष्कळदा अधिक ठामपणे सांगता येते. बातमीत ‘जुळली’ऐवजी ‘मिळतीजुळती आढळली’ असे लिहिल्यास तज्ज्ञाचे म्हणणे नेमके पोहोचेल. रक्ताच्या संदर्भातील ‘साधी माती’ हा शब्दप्रयोग मात्र जसा आहे तसाच ठेवावा; तो अचूक आहे.